विहिणीच्या पंगतीतलं जायफळ

माझ्या लेकीचं लग्न हॉलंडात झालं, दोन सह्या आणि चार माणसांत. आम्ही दोघांनी ते इथे दुबईत, करामातल्या आमच्या हॉलमध्ये बसून फोनवर पाहिलं. पळून वगैरे गेली नव्हती हो, व्हिसाचा घोळ झाला होता एवढंच. जावई चांगला, लेक आनंदात, मला तक्रार करायला जागाच नव्हती. पण एक रुखरुख राहिली. विहिणीची पंगत राहिली.

हल्लीच्या मुलींना सांगावं लागतं म्हणून सांगते. मुलाच्या आईला मानाने पाटावर बसवायचं, ताटाभोवती रांगोळी घालायची, उदबत्ती लावायची, आग्रह करकरून वाढायचं, आणि ती जेवायला लागली की मुलीकडच्या बायकांनी गाण्यातून तिची टर उडवायची. विहीण किती खाते, विहिणीचा आंबाडा कसा खोटा, असलं काहीबाही. तिने रागवायचं नाही. तिनेही गाण्यातून उट्टं काढायचं आणि आपण ते हसून ऐकून घ्यायचं. माझ्या लग्नात माझ्या आईने सासूबाईंवर असं काही रचलं होतं की त्या श्रीखंड खाताना ठसकल्या. पुढे त्या मला ते गाणं जन्मभर म्हणून दाखवायच्या, कौतुकाने. आमच्या घरातल्या बायकांना शाळा फार मिळाली नाही, पण गाणी रचता यायची. मलाही येतात. तोच माझा गर्व.

लग्नानंतर लेक-जावई दुबईलाच आले, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. जावई समुद्रातली वाळू उपसून किनारे आणि बेटं बांधणाऱ्या एका कंपनीत. आठवडेच्या आठवडे जहाजावर असतो. लेकीला दिवस गेले तेव्हा तिने मला समोर बसवून सांगितलं.

"आई, डिलिव्हरीच्या वेळी तो इथे असेल की नाही, काही सांगता येत नाही. मला तू हवीस आणि त्याची आई पण हवी. ती आयुष्यभर बाळंतपणं करणारी नर्स होती. मला भीती वाटतेय गं. तुम्ही दोघी माझ्याजवळ असलात तर मी शांत राहीन. राहाल ना नीट?"

"म्हणजे काय? मी काय भांडखोर आहे?"

"तू भांडत नाहीस. तू बोलतेस."

त्यावर मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

सातव्या महिन्यात विहीणबाई येणार असं ठरलं. मला तर पर्वणीच. डोहाळजेवणही करू आणि राहिलेली विहिणीची पंगतही त्याच दिवशी करू. मी महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं. काय सांगितलं? गोरीपान विहीण येतेय माझी, डच बाई, लोण्यासारखी. मी तिला पाहिलेलंही नव्हतं. लग्नाच्या त्या फोनमध्ये एका कोपऱ्यात एक टोपी दिसली होती. मीना बझारात जाऊन तिच्यासाठी फिकट गुलाबी साडी घेतली, गोऱ्या अंगावर खुलून दिसेल म्हणून. जावई तसा सावळ्यात जमा होणारा, पण तो उन्हातान्हात जहाजावर रापलाय असं मी सगळ्यांना सांगत असे. त्याच्या घरच्यांची चौकशी केली नव्हती असं नाही. नोकरी विचारली, व्यसनं विचारली, गाईचं मांस खातो का ते विचारलं. माणसं मूळची कुठली ते नाही विचारलं. डच म्हटल्यावर काय विचारायचं?

एअरपोर्टवर जावयाने जिला मिठी मारली ती बाई माझ्याहून चार छटा काळी होती. बारीक अंगाची, कुरळे पांढरे केस, हसली की डोळे बंद व्हायचे. मी पुढे झाले, हात धरले, वेलकम वेलकम केलं. पण मनात काय आलं ते लिहिते, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, आता बायकांना काय सांगू? त्या दिवशीचा फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला नाही. दुसऱ्या दिवशी गुलाबी साडी बदलून मोरपिशी आणली. दुकानदार म्हणाला, "आंटी, पिंक में क्या प्रॉब्लेम है?" मी म्हटलं, "कुछ नहीं, मैडम को डार्क पसंद है." मॅडमला कुणी विचारलं होतं!

तिने आल्या आल्या माझ्या हातात एक काचेची बरणी ठेवली. पिवळसर फोडी, साखरेच्या पाकात, मुरांब्यासारख्या. वर कागदावर हाताने काहीतरी लिहिलेलं. आत काय आहे ते ती सांगत होती, पण मी ऐकलं नाही, कारण मी तेव्हा बोलत होते. विमान कसं झालं, जेवण काय दिलं, इकडचा उन्हाळा कसा. घरी आल्यावर वास घेतला तर उग्र, औषधी. आमच्यात कोण खाणार हे? दोन दिवसांनी बिल्डिंगच्या वॉचमनला देऊन टाकली.

मग मी गाणं रचायला बसले. विहिणीवर म्हणायचं तर विहिणीच्या माणसांची माहिती हवी. फोनवर हिंदीत एक मालिका मिळाली, डच लोक मसाल्याच्या बेटांवर पहिल्यांदा कसे आले त्याची. आमच्या ह्यांचा धंदा मसाल्याचा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात छोटं गोडाऊन आहे, घरात लवंग-वेलदोड्याचा वास मुरलेला. तेव्हा मला ते सगळं फार गोड लागलं. चारशे वर्षांपूर्वी चार जहाजं निघाली, आफ्रिकेला वळसा घालून. ताजं खायला नाही, त्यामुळे माणसांच्या हिरड्या सुजायच्या, दात हातात यायचे. आपसांत भांडणं तर इतकी की कुणाचं कुणाला पटेना. जावा बेटावर पोचले, थोडी मिरी मिळाली, आणि निघाले त्यांतले अर्धेसुद्धा घरी परतले नाहीत. तरी पुन्हा आले. पुढे बांदा नावाची चिमुकली बेटं सापडली. जायफळ आणि जायपत्री तेव्हा साऱ्या जगात तिथेच पिकायची. आणि हे लोक तिथे विकायला काय घेऊन आले, तर जाड लोकरीचं कापड! त्या उकाड्यात! मी एकटीच इतकी हसले की हे आतून म्हणाले, "अगं, काय झालं?"

मालिकेचा पुढचाही भाग होता. त्याच्या चित्रात तोफा आणि आग होती. मी तो लावला नाही. मला गाण्यापुरतं मिळालं होतं.

डोहाळजेवणाला लेकीच्या घरी हॉलमधला सोफा बाहेर काढला. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून मोगऱ्याची वाडी आणली होती. लेक हिरव्या साडीत, फुलांच्या मुकुटात, अगदी दृष्ट लागेल अशी. विहीणबाई मोरपिशी साडीत पाटावर बसल्या. खाली बसायची सवय नाही, तरी मांडी घालून ताठ बसल्या. ताटाभोवतीची रांगोळी पुसू नये म्हणून पदर धरून जेवत होत्या. मी श्रीखंडावर त्यांच्या समोर जायफळ किसलं. त्यांनी ते पाहिलं आणि हात जोडले. मला वाटलं आवडलं.

मंडळातल्या एका काकू, आमच्यातल्या सगळ्यात खट्याळ, म्हणाल्या, "यल्ला, चला आता, विहिणीला गरम गरम वाढा!" आणि मी सुरू केलं.

"विहिणीचे पूर्वज निघाले, जहाजात बसले,
जायफळाच्या वासाला वेडे होऊन फसले,
वाटेत पडले दात बाई, वाटेत पडले दात,
बोळक्या तोंडी मागत आले जायफळ न् भात!"

बायकांनी टाळ्या धरल्या. लेक इंग्रजीत सांगत होती. विहीणबाई हसल्या, आपले दात दाखवून म्हणाल्या, "माझे आहेत अजून, बघा!" काय हशा पिकला! मला चेव आला. लोकरीच्या कापडाचं कडवं झालं, त्यावरही त्या हसल्या. मग तिसरं.

"बेटावरची काळी माणसं, काळी आणि भोळी,
आरशाच्या तुकड्यासाठी भरून दिली झोळी!"

ह्यात मी अभिनयही केला. तोंडाचा आ करून, डोळे फिरवून, आरशात बघणारं येडं माणूस. बायका लोटपोट. लेक मात्र एकदम गप्प झाली. सांगेचना.

"काय म्हणाल्या?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही, ममा. असंच, सिली."

"सांग. बाकीचं सगळं सांगितलंस."

लेकीने हळूच सांगितलं. विहीणबाईंनी घास ताटात ठेवला. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही हो, एखाद्या दुखण्याकडे बघावं तसं. आणि सावकाश इंग्रजीत, मला कळावं म्हणून अगदी सावकाश म्हणाल्या, "माझी आजी त्या बेटांवरची होती."

त्या उठल्या, पदर पायात येत होता तो सावरला, आणि आतल्या खोलीत गेल्या. रांगोळी नाही पुसू दिली त्यांनी तेव्हाही.

आता बायकांना पुढचं काय कळलं? काहीच नाही. त्या इंग्रजी बोलण्याचा अर्धा भाग टाळ्यांत गेला होता. काकूंनी विचारलं, "काय गं, काय झालं त्यांना?" आणि मी म्हटलं, "ऊन बाधलंय. नवीन आहेत ना." ती लाज दुसरी. पहिली तरी अजाणता झाली म्हणू. दुसरी मी विचार करून केली. डबे भरून दिले, बायकांना वाटेला लावलं, हळदीकुंकू, खण, सगळं रीतसर.

लेक मुकुट काढून टेबलाशी बसली होती. "आई, मी तुला फोनवर सांगितलं होतं, त्याच्या पणजीकडचे इंडोनेशियाचे आहेत. तू म्हणालीस थांब, मसाला करपतोय."

"मग परत नाही सांगायचं?"

"तू कधी विचारलंस?"

मी टेबलावर सांडलेल्या मोगऱ्याच्या पाकळ्या गोळा करायला लागले.

"ती तिकीट बदलते म्हणाली," लेक म्हणाली. "मला म्हणाली, तुझी आई आहे, तुला ती हवी, मी हॉलंडहून फोन करत जाईन. आई, ती जर गेली ना..." पोटावर हात ठेवून बसली. ज्या एका गोष्टीसाठी तिने मला समोर बसवून विचारलं होतं, तीच मी घालवली होती. तीही दोन ओळींसाठी.

घरी येऊन मी मालिकेचा तो पुढचा भाग लावला. आमचे हे शेजारी बसले. आरसा वगैरे काही नव्हताच तसा. ती माणसं भोळी कुठली! पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी होती, अरबांशी, जाव्याच्या लोकांशी, गुजरात्यांशीही. आपला माल कुणाला विकायचा ते त्यांचं त्यांना ठरवायचं होतं. डचांच्या व्यापारी कंपनीला ते नको होतं. तिला सगळं जायफळ एकटीला हवं होतं. आधी गोडीने करार, मग किल्ले, मग सैन्य. गावं जाळली, पुढाऱ्यांना मारलं, लोक डोंगरात उपाशी मेले, उरलेल्यांना बोटीत घालून दूर नेऊन गुलाम केलं. काही थोडे होड्यांतून दुसऱ्या बेटांवर पळाले. बेटं जवळजवळ रिकामी झाली. मग बागेत राबायला गुलाम आणले, कुठून कुठून, आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही. आरसा माझ्या डोक्यातून आला होता. यमकासाठी.

हे म्हणाले, "आयुष्यभर जायफळ विकलं मी. कुठून येतं ते ठाऊक होतं. कसं येतं ते नव्हतं." नंतर फोन हातात घेऊन त्यांनी मागचं एक चित्र थांबवलं. झाडाला पिवळी फळं, पेरूएवढी, मधोमध फुटलेली, आत लाल जायपत्री आणि काळं बी. "हे बघ, फळाचा गर. तिकडे म्हणे साखरेत घालून खातात."

मला ती बरणी आठवली. पिवळसर फोडी. उग्र वास.

मी खाली गेले. वॉचमन खुर्चीत बसला होता. मी विचारायच्या आत तोच म्हणाला, "अम्माजी, वो मुरब्बा बहुत बढ़िया था! खलास हो गया. रोटी के साथ खाया. और है क्या?" रिकामी बरणी त्याने धुऊन ठेवली होती, आत चहा पावडर भरली होती. मी म्हटलं, बरणी तेवढी दे. दुसरा डबा देऊन ती घेतली. वरचा कागद धुतल्यामुळे निघून गेला होता.

सकाळी ती रिकामी बरणी पिशवीत घालून लेकीकडे गेले. विहीणबाई स्वयंपाकघरात कॉफी पीत उभ्या होत्या, बॅग भरलेली दारात. माझं इंग्रजी दुकानात चालेल इतपत. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. मी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "आय गेव्ह. वॉचमन. आय डिड नॉट नो. आय डिड नॉट आस्क." मग लेकीला हाक मारली आणि मराठीत सगळं सांगितलं. गाणं, आरसा, ऊन बाधलं म्हणाले ते. गुलाबी साडीचंही. साडीचं सांगताना लेकीने माझ्याकडे असं बघितलं की ते भाषांतर तिने करू नये असं मला वाटलं. पण तिने केलं. एक शब्द गाळला नाही.

विहीणबाई बरणी हातात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या आत्याने केलं होतं. ती आता फार कमी करते, हात थरथरतात." मग म्हणाल्या, "आजी बांद्याची. मूळची तिथली, की राबायला आणलेल्यांतली, ते तिलाही माहीत नव्हतं. माझे वडील लहानपणी बोटीने हॉलंडला आले. थंडीत, लाकडी बराकीत राहिले. शाळेत त्यांना मुलं काय म्हणायची माहीत आहे? तुमच्या गाण्यातलं म्हणायची."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी दंड धरून उठवलं, नर्ससारखं, घट्ट. "नको. ते नको."

"राहाल ना?" मी विचारलं.

"राहीन. तुमच्यासाठी नाही." आणि बॅग उचलून आत नेली.

पुढचे दोन महिने मीही लेकीकडेच मुक्काम हलवला, आम्ही एका घरात राहिलो. त्या माझ्याशी नीट बोलायच्या, कॉफी विचारायच्या, लेकीच्या पायांना तेल लावायला शिकवलं तर शिकल्या. पण हसताना डोळे बंद व्हायचे ते माझ्यासमोर होईनात. मी बोलणं कमी केलं. ह्यांना वाटलं मला ताप आलाय. लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा जावई समुद्रावरच होता. विहीणबाईंनी तिचा हात धरला, श्वास कसा घ्यायचा ते सांगत राहिल्या, आणि मी नुसती उभी राहून दोघींना पाणी देत होते. त्या नसत्या तर मी काय केलं असतं, हे मी अजून मनात धड पूर्ण करू शकत नाही. मुलगी झाली. सावळी, कुरळ्या केसांची.

बारशाला त्याच बायका, तोच हॉल. पाळणा झाला, नाव ठेवून झालं. घुगऱ्या वाटत होते तेवढ्यात त्याच खट्याळ काकू म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी पंगत अर्धीच राहिली. विहीणबाईंचं उट्टं कुठाय?"

मी म्हणाले, "असू दे हो, राहू दे."

पण विहीणबाई बाळ मांडीवर घेऊन पाटावर बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. लेकीकडे बघितलं. लेकीने मान हलवली, म्हणजे ह्या दोघींचं आधी ठरलेलं होतं. आणि त्यांनी, एकेक शब्द चाचपत, मराठीत म्हटलं:

"विहीण माझी बोलकी बाई, बोलता थांबत नाही,
माझी बरणी कुठे गेली, ते काही सांगत नाही!"

काय टाळ्या! काय शिट्ट्या! बायका नाचायच्या बाकी होत्या. "अगंबाई, मराठीत रचलं हो!" "जिंकली, विहीण जिंकली!" काकू डोळे पुसत म्हणाल्या, "पण बरणी कसली गं? सांग की आता. उत्तर द्यावं लागतं."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, हसत, वाट बघत. विहीणबाईही बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण सोडणारही नव्हत्या. गाण्यातून विचारलं होतं, आमच्याच रीतीने, त्यामुळे मला ऊन बाधायला जागा नव्हती.

लेक उठून माझ्याजवळ येऊन बसली. मी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, "बायांनो, त्या दिवशी यांना ऊन बाधलं नव्हतं." आणि बरणीपासून सांगायला सुरुवात केली.